वाळूच्या कॉलममध्ये जिवाणूंचा विद्युत परिणाम मोजायचा कसा

ओल्या वाळूतून वीज वाहते ती कणांमधून नव्हे, कणांच्या फटींत भरलेल्या पाण्यातून. क्वार्ट्झचा कण स्वतः जवळजवळ इन्सुलेटरच असतो. या फटींत जिवाणू वाढले की बऱ्याच गोष्टी एकदम बदलतात. ते आम्लं सोडतात, कणांवर चिकट थर धरतात, वायू तयार करतात, आणि लोह व सल्फेट हाताशी असेल तर काळी खनिजंही बनवतात. यातली प्रत्येक गोष्ट मीटरवर उमटते. त्यामुळे बदल दिसणं सोपं आहे. तो बदल जिवाणूंच्या थराचा, पाण्याचा, बुडबुड्यांचा की आपल्याच वायरिंगचा, हे ठरवताना दमछाक होते. खालची मांडणी त्यासाठीच आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, फार खर्च न करता, दोन महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये ती बसते.

मोजायचं नक्की काय

वाळूतून ठराविक फ्रिक्वेन्सीचा करंट सोडायचा आणि व्होल्टेज किती पडतं व करंटच्या किती मागे राहतं, हे पाहायचं. पहिल्यावरून वाहकता मिळते. दुसरं म्हणजे फेज. कणांच्या आणि पेशींच्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो आणि त्याला खेटून पाण्यातले आयन गोळा झालेले असतात. करंटची दिशा बदलली की हे आयन हलतात आणि परत जागेवर यायला त्यांना वेळ लागतो. तो उशीर फेजमध्ये दिसतो. जिवाणूंच्या पेशीभित्तीवर कार्बोक्सिल आणि फॉस्फेट गट असल्याने ती सहसा ऋणभारित असते. पेशी वाढल्या की असा पृष्ठभाग वाढतो आणि वाहकतेचा ‘काल्पनिक’ भाग (वाहकता गुणिले फेज) चढतो. जीवाणूंचा माग काढायला हा भाग जास्त कामाचा आहे, कारण साधी वाहकता पाण्यातल्या क्षारांनीच भरून गेलेली असते.

आकडे लहान असतात, हे आधीच मनाशी धरा. स्वच्छ वाळूत फेज काही मिलिरेडियन एवढीच मिळते. एक मिलिरेडियन म्हणजे ०.०५७ अंश.

वीज वाहून नेणाऱ्या जिवाणूंबद्दल बरंच छापून येतं. जिओबॅक्टर आणि शेवानेला लोहाच्या खनिजांना इलेक्ट्रॉन देतात, आणि २०१२ मध्ये वर्णन झालेले ‘केबल बॅक्टेरिया’ समुद्री गाळात सेंटीमीटरभर अंतरावर इलेक्ट्रॉन नेतात, हे खरं आहे. पण साध्या वाळूच्या कॉलममध्ये, म्हणजे वाळू भरलेल्या उभ्या पाइपमध्ये, जे दिसेल ते बहुतेक पृष्ठभागावरच्या भाराचं आणि पाण्याच्या रसायनाचं असेल. रिपोर्टमध्ये ‘जिवाणूंच्या तारा’ लिहिण्याची घाई करू नका.

वाळू कुठली घ्यायची

बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात आता बहुतेक क्रश सॅंड मिळते. ती घेऊ नका. आपल्याकडची क्रश सॅंड बेसाल्टची असते आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. धातूसारखं वागणारं असं खनिज एखाद-दोन टक्के असलं तरी त्याची स्वतःची फेज जिवाणूंच्या फेजला गिळून टाकते. शिवाय तिच्यातली भुकटी चिकणमातीसारखी वागते. खात्री करायची तर प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून वाळूतून फिरवा. पिशवीला काळी लव चिकटली तर ती वाळू बाद.

पाण्याच्या फिल्टरसाठी विकतात ती सिलिका सॅंड घ्या. ३०० आणि ६०० मायक्रॉनच्या चाळण्यांमधली ठेवा. पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. शिंपल्यांचे तुकडे असतील तर ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा (हातमोजे, गॉगल, उघडी खिडकी). मग निथळणाऱ्या पाण्याची वाहकता डिस्टिल्ड वॉटरच्या जवळ येईपर्यंत पुन्हा धुवा. हे शेवटचं धुणं कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. उरलेलं ॲसिड नंतर आठवडाभर पाझरत राहतं आणि वाहकतेचा आलेख विनाकारण उतरता दिसतो. वाळू १०५ अंशांना वाळवून घ्या.

खाडीतली वाळू किंवा गाळ वापरण्याचा मोह होतो, त्याबद्दल पुढे.

कॉलम

आतला व्यास ५० मि.मी., लांबी ३०० मि.मी. असा ॲक्रिलिकचा पाइप घ्या. पीव्हीसी चालतो, पण पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे आणि काळे डाग वेळीच दिसतात. व्यास छापील न मानता कॅलिपरने मोजा. बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर खिडकीजवळच्या कॉलममध्ये शेवाळ धरतं. या मापाच्या कॉलमचं आकारमान सुमारे ५९० मि.लि. असतं. सच्छिद्रता, म्हणजे एकूण आकारमानातला फटींचा वाटा, ०.४० धरली तर सुमारे ९४० ग्रॅम कोरडी वाळू आणि फटींत २३५ मि.लि. पाणी बसतं. तुमचे आकडे यापासून दूर गेले तर भरण्यात चूक आहे.

दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या जाळीच्या चकत्या बसवा, त्यातून करंट सोडायचा. व्होल्टेज मात्र त्याच चकत्यांवर मोजायचं नाही. स्टील आणि पाण्याच्या सीमेवर स्वतःचं मोठं ध्रुवीकरण होतं. दोन तारांच्या साध्या मल्टिमीटरने केलेला हा प्रयोग वाळू मोजत नाही, इलेक्ट्रोड मोजतो. म्हणून मधे, एकमेकांपासून १०० मि.मी. अंतरावर, दोन वेगळे पोटेन्शियल इलेक्ट्रोड हवेत.

त्यासाठी सराफाकडून १ मि.मी. जाडीची शुद्ध चांदीची तार घ्या. दागिन्यांची चांदी नको, तिच्यात तांबं असतं. तार बारीक पॉलिश पेपरने घासून अर्धा तास ब्लीचमध्ये ठेवली की तिच्यावर काळपट-जांभळा सिल्व्हर क्लोराइडचा थर येतो. थर सलग हवा, डागडाग दिसला तर पुन्हा घासा. ही तार थेट वाळूत खुपसू नका. एक तर चांदी जिवाणूंना मारक असते. दुसरं म्हणजे करंटच्या वाटेत उभी असलेली धातूची तार स्वतःच ध्रुवित होते. पाइपला ६ मि.मी.चं भोक पाडून त्यावर २ मि.लि. सिरिंजची कापलेली नळी एपॉक्सीने चिकटवा, नळीत २ टक्के अगरची जेली भरा आणि तार त्या अगरमध्ये बाहेरच्या बाजूला ठेवा. म्हणजे तार करंटच्या वाटेबाहेर राहते. अगर बनवताना कॉलममधलंच पाणी वापरा. संपृक्त पोटॅशियम क्लोराइड घातलं तर ते हळूहळू वाळूत पाझरतं आणि नेमकं इलेक्ट्रोडपाशी वाहकता वाढवतं.

असे तीन कॉलम लागतात. पहिल्यात जिवाणू आणि ग्लुकोज, दुसऱ्यात जिवाणू पण ग्लुकोज नाही, तिसरा निर्जंतुक. दोनच जमत असतील तर पहिला आणि तिसरा करा. एकाच कॉलमवर केलेला प्रयोग कितीही सुबक असला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

पाणी आणि खाद्य

डिस्टिल्ड वॉटरमध्ये दर लिटरला ०.२५ ग्रॅम सोडियम क्लोराइड घातलं की २५ अंशांना सुमारे ५०० मायक्रोसीमेन्स प्रति सें.मी. वाहकता मिळते. त्यातच २० मि.ग्रॅ. अमोनियम क्लोराइड आणि १० मि.ग्रॅ. डायपोटॅशियम फॉस्फेट घाला. जिवाणूंना लागणारे क्षार पहिल्या दिवसापासून तिन्ही कॉलममध्ये सारखेच ठेवायचे. मग खाद्य सुरू करताना फक्त ग्लुकोजची भर पडते. ग्लुकोज आयन देत नाही, त्यामुळे पाण्याची वाहकता हलत नाही. बरेच जण सोडियम ॲसिटेट वापरतात. लिटरला ०.८२ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोलर, ॲसिटेट घातल्यावर वाहकता एका झटक्यात ८००हून जास्त मायक्रोसीमेन्सने वाढते, आणि मग त्या डोंगराखाली जिवाणू शोधत बसावं लागतं.

ग्लुकोज लिटरला ०.२ ग्रॅम पुरे. हे प्रमाणही कमी नाही. एक ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जाळायला जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन लागतो, आणि आपल्याकडच्या तापमानाला लिटरभर पाण्यात तो जेमतेम ८ मि.ग्रॅ. विरघळलेला असतो. म्हणजे कॉलमचा आतला भाग बघता बघता ऑक्सिजनविना जातो आणि किण्वन सुरू होतं. जास्त ग्लुकोज दिलं तर आम्ल आणि वायू एवढा होतो की बाकी काही वाचता येत नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या चवीच्या ग्लुकोज पावडरीत इतर क्षार घातलेले असतात. साधा डेक्स्ट्रोजच घ्या.

दिवसाला कॉलममधलं पाणी एकदा बदलेल एवढा प्रवाह ठेवा. २३५ मि.लि. प्रति दिवस म्हणजे मिनिटाला ०.१६ मि.लि. पंपाची गरज नाही. मेडिकलमधला ६० थेंबांचा मायक्रो-ड्रिप सेट मिनिटाला १० थेंबांवर लावला की झालं. ड्रिप चेंबरमधल्या हवेचा दुसराही फायदा आहे. त्या फटीमुळे जिवाणू नळीतून उलटे चढून बाटलीत पोचत नाहीत. प्रवाह खालून वर ठेवा, म्हणजे बुडबुडे वरून निघून जातात. ग्लुकोजची बाटली एप्रिल-मेमध्ये दिवसभरातच गढूळ होते, ती रोज उकळून गार केलेल्या ताज्या द्रावणाने बदला.

भरणं

वाळू प्रेशर कुकरमध्ये, थोड्या पाण्यासकट, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवा. चोवीस तासांनी पुन्हा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या खेपेत वाचलेले बीजाणू मधल्या वेळात उगवतात आणि पुढच्या खेपेत मरतात. सोडियम ॲझाइड टाकून निर्जंतुक करण्याचा मार्ग पुस्तकात असतो. तो नकोच. ते जहाल विष आहे आणि स्वतः आयन असल्याने वाहकताही बदलतं.

पाणी उकळून झाकून गार करा, म्हणजे त्यातली हवा निघते. कॉलममध्ये आधी थोडं पाणी, मग वाळू चमच्याचमच्याने. पाण्याची पातळी कायम वाळूच्या वर हवी. दर दोन-तीन चमच्यांनंतर बाहेरून लाकडी दांड्याने टकटक करा. कोरडी वाळू भरून नंतर पाणी सोडलं तर अडकलेली हवा आठवडाभर विरघळत राहते आणि वाहकता रोज थोडी थोडी चढते. ती चढण हुबेहूब जिवाणूंच्या वाढीसारखी दिसते. भरलेल्या कॉलमचं वजन लगेच लिहून ठेवा.

वायरिंग

फंक्शन जनरेटरमधून १ व्होल्टची साइन लहर सोडा. करंटच्या वाटेत १ किलोओहमचा १ टक्क्याचा मेटल फिल्म रोध लावा आणि त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून करंट काढा. किती आकडा अपेक्षित आहे हे आधी हिशेबाने काढून ठेवा. पाण्याची रोधकता २० ओहम-मीटर, सच्छिद्रता ०.४०. सच्छिद्रतेवरून रोधकता सांगणाऱ्या, आर्चीने १९४२ मध्ये मांडलेल्या नियमात सुट्या वाळूचा घातांक १.४ धरला तर वाळूची रोधकता पाण्याच्या ३.६ पट, म्हणजे ७२ ओहम-मीटर येते. त्यावरून पोटेन्शियल इलेक्ट्रोडमधला रोध सुमारे ३.७ किलोओहम निघतो. दीडपट किंवा निम्मा आला तर पुढे जाऊ नका. हवा अडकली आहे, वाळू नीट धुतलेली नाही किंवा इलेक्ट्रोडची नळी कोरडी पडली आहे.

फेजच्या चुका मात्र हिशेबात सहज सापडत नाहीत. दोन सांगतो, कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच फसतात.

पहिली चूक एडीसीची, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणाऱ्या चिपची. एडीएस १११५सारखी स्वस्त चिप दोन चॅनेल एकदम वाचत नाही, एकानंतर एक वाचते. दोन वाचनांत सुमारे १.२ मिलिसेकंद जातात. १ हर्ट्झला तेवढ्या उशिराची खोटी फेज ७ मिलिरेडियन होते, म्हणजे जे शोधायचं आहे त्याच्याएवढी किंवा जास्तच. १० हर्ट्झला ती ७० होते. दोन्ही चॅनेल एकाच क्षणी पकडणारा १६ बिटांचा एडीसी घ्या. तो नसेल तर चॅनेलचा क्रम उलटा करून दुसऱ्यांदा मोजा आणि सरासरी काढा.

दुसरी चूक केबलची. अगरमधल्या तारेचा संपर्करोध १० किलोओहम आणि शील्डेड केबलची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड असेल तर १००० हर्ट्झला ६ मिलिरेडियनची खोटी फेज येते. प्रत्येक तारेच्या अगदी मुळाशी टीएल ०७२ या ऑप-अँपचा बफर लावा आणि मगच केबल पुढे न्या. एवढं करूनही १०० हर्ट्झच्या वरच्या आकड्यांकडे संशयानेच पाहा.

वाळू मोजण्याआधी मांडणी तपासा. कॉलमच्या जागी साधे रोध जोडा, १०० हर्ट्झच्या खाली फेज ०.२ मिलिरेडियनच्या आत यायला हवी. मग वाळूशिवाय, नुसत्या मिठाच्या पाण्याने भरलेला कॉलम मोजा, इथेही तेवढीच. ही दुसरी चाचणी इलेक्ट्रोडचं खरं रूप दाखवते. ध्रुवीकरणात व्होल्टेज करंटच्या मागे राहतं. तुमच्याकडे ते पुढे धावताना दिसलं तर तो जिवाणूंचा नवा गुण नाही, जोडणीत गडबड आहे.

फ्रिक्वेन्सी ०.१ ते १००० हर्ट्झ, प्रत्येक दशकात (फ्रिक्वेन्सीच्या दर दहापटीत) तीन बिंदू. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी टाळा. ट्यूबलाइट आणि एसी त्यातच गुणगुणत असतात. ०.१ हर्ट्झला किमान पाच आवर्तनं घ्या आणि पायथनमध्ये साइन-कोसाइन फिट करून फेज काढा. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर डोळ्यांनी मोजून हे होणार नाही.

तापमान

पाण्याची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. दिवसा एसीत २४ अंश आणि रात्री एसी बंद झाल्यावर २८, एवढ्यानेच ८ टक्क्यांचा खोटा चढउतार होतो. प्रत्येक कॉलमला थर्मामीटर लावा, रोज ठराविक वेळी मोजा, आणि आकडा २५ अंशांवर आणा: मोजलेली वाहकता भागिले (१ + ०.०२ × (तापमान − २५)). थर्मोकोलच्या खोक्यात तिन्ही कॉलम एकत्र ठेवले तर ते निदान सारखेच तापतात. फरक काढताना बरीच चूक आपोआप वजा होते.

जिवाणू घालणं आणि मोजणं

सुरुवातीला तिन्ही कॉलम ग्लुकोजशिवाय चालवा. लागोपाठ तीन दिवस वाहकता १ टक्क्याच्या आत आणि फेज ०.२ मिलिरेडियनच्या आत स्थिर राहिली की पुढे जा, आधी नाही.

मायक्रोबायोलॉजी विभागाकडून बॅसिलस सबटिलिसचं कल्चर मिळालं तर उत्तम. नाहीतर कुंडीतली १० ग्रॅम माती १०० मि.लि. कॉलमच्याच पाण्यात ढवळा, अर्धा तास निवळू द्या आणि वरचं पाणी मलमलीतून गाळा. कल्चर वापरत असाल तर सेंट्रिफ्यूज करून पेशी कॉलमच्या पाण्यात धुऊन घ्या, कारण न्यूट्रिएंट ब्रॉथ खारट असतो. पहिल्या दोन कॉलममध्ये सोडा, रात्रभर प्रवाह बंद ठेवा म्हणजे पेशी कणांना धरतील, आणि सकाळी पहिल्यात ग्लुकोज सुरू करा.

रोज प्रत्येक कॉलमसाठी सहा नोंदी: सगळ्या फ्रिक्वेन्सींवर रोध आणि फेज, बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाहकता, त्याचा सामू, तापमान, मिनिटाला थेंब, आणि कॉलमचं वजन. प्रोजेक्ट जसा पुढे सरकतो तसं शेवटच्या दोन नोंदींचा कंटाळा येतो. पण निकाल वाचताना त्याच उपयोगी पडतात.

आकडे वाचायचे कसे

कॉलमची वाहकता आणि बाहेर येणाऱ्या पाण्याची वाहकता सारख्याच प्रमाणात वाढल्या, सामू उतरला, तर ते किण्वनातून आलेलं आम्ल आहे. त्याचं मूळ जिवाणूच, पण परिणाम पाण्याचा. दोन्हींचं गुणोत्तर रोज काढा, पाण्यातला बदल त्यातून गळून जातो.

वाहकता उतरली आणि वजनही उतरलं तर वायू साठला आहे. १० मि.लि. पाणी बाहेर ढकललं गेलं तर फटींतलं ४ टक्के पाणी गेलं, आणि वाहकता सुमारे ८ टक्क्यांनी पडते. कॉलमला टिचक्या मारून प्रवाह तासभर वाढवा. बुडबुडे निघाल्यावर वाहकता परत आली तर निदान पक्कं.

थेंब मंदावले पण वाहकता फारशी हलली नाही, तर गोंधळू नका. बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, फटींच्या अरुंद गळ्यांशी अडते, त्यामुळे पाण्याचा प्रवाह कित्येक पटींनी घटू शकतो. विजेला तेवढी अडचण होत नाही. सच्छिद्रता ०.४०वरून ०.३६ झाली तरी वाहकता फक्त १४ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण बायोफिल्म स्वतःच बहुतांश पाणी असते आणि आयन तिच्यातून जातात.

फेज आणि वाहकता यांच्या गुणाकाराने मिळणारा काल्पनिक भाग पहिल्या कॉलममध्ये चढत गेला, दुसऱ्यात जरासा, तिसऱ्यात अजिबात नाही, आणि गुणोत्तर जवळजवळ स्थिर राहिलं, तर पेशींचा पृष्ठभाग बोलतो आहे. कुठल्या फ्रिक्वेन्सीला पाहायचं याचा अंदाज आकारावरून येतो. त्रिज्येचा वर्ग भागिले आयनाच्या विसरणांकाची (तो पाण्यात किती वेगाने पसरतो त्या आकड्याची) दुप्पट, म्हणजे आयन परतायला लागणारा वेळ. ०.४ मि.मी.च्या कणासाठी तो २० सेकंदांच्या आसपास येतो, म्हणजे ०.०१ हर्ट्झच्या भागात. एका मायक्रॉनच्या सुट्या पेशीसाठी तो हजार हर्ट्झच्या आसपास. म्हणून १ ते १०० हर्ट्झमधला बदल सुट्या पेशीचा म्हणता येत नाही, तो कणांवर धरलेल्या पुंजक्यांचा आणि थराचा असण्याची शक्यता जास्त.

आणि एक मर्यादा. मेलेल्या पेशीच्या भिंतीवरही भार असतो. फेज वाढली म्हणजे जिवाणू ‘जिवंत’ आहेत असं म्हणता येत नाही, एवढंच म्हणता येतं की पेशींचा पृष्ठभाग आहे.

म्हणून शेवटी कॉलम उघडून मोजणी कराच. तळ, मध्य आणि वरचा भाग यातून प्रत्येकी १ ग्रॅम ओली वाळू, ९ मि.लि. सलाइनमध्ये दोन मिनिटं जोरात हलवा, दहापटीच्या पायऱ्यांनी विरल करत न्यूट्रिएंट अगरवर पसरा, ३० अंशांना ४८ तास ठेवा. थरासाठी वेगळ्या १ ग्रॅमला ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट पंधरा मिनिटं लावा, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुवा, मग अल्कोहोलमध्ये रंग काढून कलरिमीटरवर तिन्ही कॉलमची तुलना करा. प्रवाह जिथून येतो त्या तळाशी थर बहुधा सर्वात जाड मिळतो. पोटेन्शियल इलेक्ट्रोड मधल्या भागात असल्याने ते या जाड थराला चुकवतात. आकडे अपेक्षेपेक्षा कमी निघाले तर आधी हे तपासा.

खाडीच्या गाळाबद्दल

ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ पासून संरक्षित आहे आणि २०२२ मध्ये तो रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाला. तिथून किंवा खारफुटीतून वन विभागाच्या परवानगीशिवाय मूठभर गाळही उचलायचा नाही. कॉलेजमार्फत रीतसर अर्ज करा.

परवानगी मिळाली तरी पहिला प्रयोग त्यावर करू नका. समजा, काल्पनिक वाहकता मीटरला ०.००००५ सीमेन्स आहे. आपल्या सौम्य पाण्यात त्याची फेज ३.६ मिलिरेडियन होते. समुद्राच्या पाण्यासारख्या, मीटरला ५ सीमेन्स वाहकतेच्या पाण्यात तीच ०.०४ मिलिरेडियनच्या खाली जाते. घरगुती मांडणीला हे दिसणार नाही. शिवाय गाळ काळा असतो तो आयर्न सल्फाइडमुळे. सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंनी बनवलेलं हे खनिज विजेला चांगलंच ध्रुवित होतं, आणि मग पेशींचा वाटा वेगळा काढता येत नाही. ते मोजायचंच असेल तर तो वेगळा प्रश्न समजून मोजा: स्वच्छ वाळू, त्यात थोडं फेरस सल्फेट, सोडियम लॅक्टेट आणि गाळातले जिवाणू. कॉलमवर काळा पट्टा जसा सरकेल तशी फेज सरकते का, ते पाहा. या कॉलममधून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो खिडकीशी किंवा फ्यूम हूडखालीच उघडा. सडक्या अंड्यांचा वास यायचा थांबला म्हणून वायू गेला असं समजू नका. तो जास्त झाला की नाकाला कळेनासा होतो.

काम झाल्यावर आधी चांदीच्या तारा अगरमधून काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पुन्हा वापरता येतात. साध्या कॉलममधली वाळू आणि पाणी १० टक्के ब्लीचमध्ये तासभर ठेवून मग टाका. सल्फाइडची काळी वाळू आधी एक-दोन दिवस उघड्यावर हवेत पसरून तपकिरी होऊ द्या आणि मगच ब्लीच घाला. ॲसिड तिच्या जवळपासही नेऊ नका.